मुदत घटस्थापनेपर्यंत

प्रति,
सहायक आयुक्त (अन्न) आणि त्यांच्या हाताखालचे सर्व अन्न सुरक्षा अधिकारी यांस

निवेदने देऊन झाली. प्रत्येकावर आपल्या आवक-जावक टेबलाचा शिक्का आहे. शिक्क्याच्या पुढे त्यांचे काय झाले, हे विचारणे आम्ही सोडून दिले आहे.

हा इशारा आहे. तो एकदाच दिला जाईल.

आम्ही खवा करतो. मराठवाड्याच्या ज्या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि म्हैस भरवशाची, तिथे आमच्या भट्ट्या आहेत. सकाळी दूध येते. दुपारपर्यंत कढईत आटते. संध्याकाळी गोळे बांधून माल शहराच्या गाड्यांना लागतो. कुंथलगिरीच्या खव्याचे नाव आपण ऐकले असेल. पेढा तर नक्कीच खाल्ला असेल.

आमच्यात भट्टीवाले आहेत. त्यांना दूध घालणारे आहेत. गाडीवर माल चढवणारे आहेत आणि शहरात तो उतरवून घेणारे आहेत. ज्यांच्याकडे १४ आकडी नोंदणी क्रमांक नव्हता, त्यांना तो आम्हीच काढायला लावला. आपल्या कार्यालयाने त्यासाठी कधी शिबिर घेतले नाही.

आपल्या अधिकारांवर आमचा आक्षेप नाही. हे आधीच लिहून ठेवतो. म्हणजे उत्तरातले पहिले पान त्यावर खर्ची पडणार नाही.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. अमलात आला ५ ऑगस्ट २०११ रोजी. त्याच्या ३८ व्या कलमाने अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नमुना घेता येतो. कायद्याचा भंग दिसला तर अन्न जप्त करता येते. ४१ व्या कलमाने झडती घेता येते. हे अधिकार हवेतच.

खव्यात स्टार्च मिसळणारे आहेत. दुधाची मलई काढून वनस्पती तूप घालणारे आहेत. सणाच्या तोंडावर 'स्पेशल बर्फी' या नावाखाली परराज्यातून माल उतरतो आणि खवा म्हणून खपतो. त्याने आमचे जे नुकसान केले, ते आपण केलेल्या नुकसानीहून मोठे आहे.

तेव्हा जप्ती जरूर करा.

पण ज्या कलमात अधिकार आहे, त्याच कलमात अटी आहेत. आपण अधिकारापाशी वाचन थांबवता.

गेल्या सणात काय झाले, ते एकदा लेखी राहू द्या.

पहाटेची वेळ. शहराच्या नाक्यावर खासगी ट्रॅव्हल्स थांबवली गेली. डिकीतून करंड्या उतरवल्या. गोळे पांढऱ्या कापडात, वर पॉलिथिन. प्रत्येक करंडीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर भट्टीवाल्याचे नाव, गाव, मोबाइल, नोंदणी क्रमांक आणि तारीख.

पंचनाम्यात मालकाच्या रकान्यात लिहिले गेले: अज्ञात.

ती चिठ्ठी छायाचित्रात स्पष्ट दिसते. छायाचित्र आपल्याच माणसाने काढले आणि वर्तमानपत्रांना दिले.

वजनाच्या रकान्यात 'अंदाजे'. पंच म्हणून गाडीचा क्लीनर. सही कुठे करायची, ते त्याला बोटाने दाखवले. काय लिहिले आहे, ते वाचून दाखवले नाही. अकराच्या सुमारास माल कचरा डेपोवर गेला. खड्ड्यात टाकून वर फिनेल ओतले.

दुसऱ्या दिवशी बातमी. भेसळयुक्त खव्याचा साठा नष्ट.

त्या वेळी नमुना प्रयोगशाळेत पोचलाही नव्हता.

अहवाल आमच्या हाती पडला, तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. एकूण घन पदार्थ ५५ टक्क्यांच्या वर. कोरड्या घटकांवर दुधाची स्निग्धता ३० टक्क्यांच्या वर. आम्लता ०.९ टक्क्याच्या आत. स्टार्च नाही. म्हणजे खव्याला जी मानके लावली जातात, ती सगळी पार.

त्याची बातमी झाली नाही. आम्ही अहवालाची प्रत घेऊन वर्तमानपत्रांकडे गेलो. खात्याचे प्रसिद्धिपत्रक आले तर छापू, असे सांगण्यात आले. ते आले नाही. जप्तीचे पत्रक मात्र त्याच दुपारी निघाले होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्यासाठी नव्हे. आपल्या वरिष्ठांसाठी, ज्यांच्याकडे या पत्राची प्रत जाते आहे.

३८ (४). जप्त केलेले अन्न नाशवंत असले पाहिजे. ते माणसाने खाण्यास अयोग्य ठरेल इतके बिघडलेले असले पाहिजे. तशी अधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे. आणि अन्न व्यावसायिकाला लेखी नोटीस दिलेली असली पाहिजे. मग ते नष्ट करता येते. ३८ (७) प्रमाणे त्या वेळी साक्षीदार हवा आणि त्याची सही हवी.

खवा नाशवंत आहे. मान्य. पण संध्याकाळी कढईतून उतरलेला खवा दुसऱ्या पहाटे बिघडलेला नसतो. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. नाक लागते.

त्या पंचनाम्यात माल बिघडल्याची एक ओळ नाही. वास, रंग, बुरशी, आंबटपणा, कशाचाही उल्लेख नाही. मग तो नष्ट कोणत्या कलमाखाली केला? हा प्रश्न आम्ही लेखी विचारला. वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या.

नोटीस का दिली नाही, याचे तोंडी उत्तर मात्र मिळाले. मालक अज्ञात होता.

या 'अज्ञात' रकान्यावर आम्ही थांबणार आहोत. सगळा खेळ तिथे आहे.

मालक अज्ञात लिहिला की नोटीस कुणाला द्यायची, हा प्रश्नच उरत नाही. ४७ व्या कलमाप्रमाणे नमुन्याचे चार भाग करायचे असतात. एक अन्न विश्लेषकाकडे. दोन सहायक आयुक्तांच्या ताब्यात. चौथा, व्यावसायिकाने मागणी केली तर, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. मालक अज्ञात असला की चौथा भाग मागायला कुणी नसते. अहवाल विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येते, मग नमुना रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम असतो. मालक अज्ञात असला की अपील करायलाही कुणी नसते. ३८ (३) प्रमाणे नमुन्याची किंमत बाजारभावाने चुकती करावी लागते. तेही पैसे वाचतात. ही रक्कम क्षुल्लक आहे. सवय क्षुल्लक नाही.

एक रकाना भरायचा टाळला आणि कायद्याने माल धरणाऱ्यावर घातलेली सगळी बंधने गळून पडली. हे अनवधानाने होते, असे आम्ही बरेच दिवस मानत होतो.

आता मानत नाही.

झडतीचेही तसेच. प्रवेश आणि तपासणीला फौजदारी प्रक्रियेच्या तरतुदी शक्य तितक्या लागू, असे ३८ (५) म्हणते. १ जुलै २०२४ पासून ती प्रक्रिया म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या १०५ व्या कलमात झडती-जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सांगितले आहे. मोबाइलवर केले तरी चालते. आपल्या पथकाकडे मोबाइल असतात. वर्तमानपत्रासाठी छायाचित्रे त्याच मोबाइलवर निघतात.

आता दुसरी बाजू. आपण म्हणता, जप्त केलेला खवा ठेवायचा कुठे? तो सडणार.

याचे उत्तर त्याच कलमात आहे, ३८ (१) च्या तिसऱ्या खंडात. नमुना घेऊन माल व्यावसायिकाच्याच ताब्यात सुरक्षित ठेवता येतो. त्याच्याकडून मालाच्या किमतीइतके हमीपत्र लिहून घेता येते. एक किंवा अधिक जामीनदार घेता येतात. मालाला हात लावला तर ६० वे कलम आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड. अधिकाऱ्याचे काहीही धोक्यात येत नाही.

खवा उघड्यावर दोन-चार दिवस टिकतो. फ्रिजच्या तापमानात दोन ते तीन आठवडे. शून्याखाली महिनोन् महिने, आणि मोठे व्यापारी तो तसाच साठवतात. अन्न विश्लेषकाने अहवाल किती दिवसांत द्यायचा? १४ दिवसांत. ४६ (३). जमत नसेल तर त्याने कारण आणि लागणारा वेळ लेखी कळवायचा असतो.

म्हणजे माल शीतगृहात ठेवला आणि अहवाल मुदतीत आला, तर खवा अहवालाची वाट पाहू शकतो. शुद्ध निघाला तर विकता येतो. अशुद्ध निघाला तर तेव्हा नष्ट करा. आम्ही स्वतः खड्डा खणून देऊ.

कायदा करणाऱ्यांनी नाशवंत मालाचा विचार केलेला आहे. अंमल करणाऱ्यांनी केलेला नाही.

मनुष्यबळ कमी आहे, हे आम्हाला माहीत आहे. एका अधिकाऱ्याकडे किती तालुके असतात, तेही माहीत आहे. पण कमी मनुष्यबळात जप्ती होते. नोटीस एका पानाची असते. तीही होऊ शकते.

आणि ती होऊ शकते, हे आम्ही पाहिले आहे. एक अधिकारी असे होते, जे काटा सोबत घेऊन येत. चिठ्ठीवरच्या क्रमांकावर फोन लावत. भट्टीवाला पोचेपर्यंत चहा घेत थांबत. नमुने घेतले, चार भाग केले, मोहरा लावल्या, माल शीतगृहात ठेवायला लावला. त्यांनी आमच्यातल्या दोघांवर कारवाईही केली. ती योग्य होती. त्या दोघांना आज आमच्यात कुणी बसवून घेत नाही. त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. कुठे आणि का, हा आमचा विषय नाही.

आता त्या खड्ड्यात काय गेले, ते सांगतो.

म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटले की एक किलो खवा होतो. एक क्विंटल खवा म्हणजे ५०० लिटर दूध. आमच्याकडच्या म्हशींचा हिशेब धरला तर अंदाजे शंभर म्हशींचे एका दिवसाचे दूध. ते एका माणसाचे नसते. कुणाच्या दोन म्हशी, कुणाची एक. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. खवा खड्ड्यात गेला म्हणून पगार थांबत नाही.

त्या भट्टीवाल्याने दहा दिवसांचा पगार वाटला. बायकोची पोत सोनाराकडे ठेवून. एकाही म्हशीवाल्याचा रुपया अडकला नाही.

बातमी वाचून शहरातल्या त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माल बंद केला. अहवाल दाखवल्यावर एक परत आला. दुसरा म्हणाला, अहवाल मी मानतो, पण माझे गिऱ्हाईक बातमी वाचते.

या नुकसानीचे काय, असे आम्ही विचारले. कायद्यात तरतूद नाही, असे आपण म्हणालात.

तर मग आपल्याला जुना कायदा दाखवतो. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४. त्याच्या ११ व्या कलमात जप्त माल दंडाधिकाऱ्यापुढे न्यावा लागे. माल भेसळीचा नाही असे दिसले, तर तो मालकाला परत मिळण्याचा हक्क होता. शिवाय प्रत्यक्ष नुकसानीच्या मर्यादेत भरपाई देण्याची मुभा दंडाधिकाऱ्याला होती. १९५४ साली या देशाला हे सुचले होते. इंग्लंडच्या १९९० च्या अन्न सुरक्षा कायद्यातही आहे. धरलेले अन्न दोषी नाही असे ठरले, तर मालाची जी किंमत घटली ती धरणाऱ्या यंत्रणेने भरून द्यायची.

आजच्या कायद्याचे ६५ वे कलम अपायकारक अन्न खाऊन इजा झालेल्या ग्राहकाला भरपाई देते. ते योग्यच आहे. निर्दोष ठरलेल्या मालाच्या मालकासाठी काय आहे, हे आम्हाला सापडले नाही. आपल्याला सापडले असेल तर कलम कळवावे. तरतूदच नसेल, तर माल नष्ट करताना हात दुप्पट आखडता हवा. आपण तो उलट मोकळा सोडला.

एक कलम मात्र आहे. ३९ वे.

वाजवी कारण नसताना केवळ छळ म्हणून अन्न जप्त करणारा अन्न सुरक्षा अधिकारी अपराधी ठरतो. कर्तव्यासाठी गरज नसताना कुणाचे नुकसान करणाराही अपराधी ठरतो. दंड १ लाख रुपयांपर्यंत. त्याच कलमात पुढे आहे, तक्रार खोटी निघाली तर तक्रारदाराला किमान ५० हजार आणि कमाल १ लाखाचा दंड.

पुढचे वाक्य आपण आम्हाला वाचून दाखवले होते. मागचे दाखवले नव्हते. आम्ही दोन्ही वाचली आहेत. म्हणून आमच्याकडून एकही खोटी तक्रार होणार नाही. खरी एकही सुटणार नाही.

आम्ही किती धीर धरला, याचा पाढा वाचणार नाही. थोडेसे नोंदवतो.

कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो. साहेब मीटिंगमध्ये. लोकशाही दिनात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तक्रार मांडली. ती संबंधित विभागाकडे वर्ग झाली. तक्रार आपल्याविरुद्ध होती. ती चौकशीसाठी आपल्याकडेच आली. आपण चौकशी केली आणि आपल्याला काही आढळले नाही.

माहिती अधिकारात कागद मागितले. ३० दिवस गेले. अपील केले. तेव्हा पंचनाम्याची जी प्रत मिळाली, तिच्यात नोटिशीच्या रकान्यापुढे नुसती आडवी रेघ आहे.

ती रेघ आम्ही जपून ठेवली आहे.

रस्त्यावर दूध ओतणे आम्हाला येते. १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपात ते सगळ्या राज्याने पाहिले. या वेळी आम्ही ते करणार नाही. दूध मातीत जाऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळे चालले आहे.

मुदत घटस्थापनेपर्यंत आहे. तोवर आम्हाला आपल्या सहीचे एक परिपत्रक हवे. कायद्याविरुद्ध जाईल असे काहीही त्यात मागितलेले नाही.

करंडीवर, डब्यावर किंवा बिलावर मालकाचा क्रमांक असेल, तर त्याला फोन केल्याशिवाय आणि त्या फोनची वेळ पंचनाम्यात लिहिल्याशिवाय 'अज्ञात' लिहिले जाणार नाही. माल काट्यावर मोजला जाईल. 'अंदाजे' चालणार नाही. शीतगृह, हमीपत्र आणि जामीनदार व्यावसायिक देत असेल तर ते घेतले जाईल. नाकारायचे असेल तर कारण लिहून नाकारले जाईल. नष्ट करायचे असेल तर माल कसा बिघडला ते लिहिले जाईल, नोटीस हातात दिली जाईल, आणि जप्तीचे वजन व नष्ट केल्याचे वजन एकाच कागदावर येईल. शेवटची गोष्ट आम्ही का मागतो, हे आपल्या कार्यालयातल्या काही जणांना कळेल. आज त्यावर अधिक लिहीत नाही.

आणि ज्या जप्तीचे प्रसिद्धिपत्रक निघाले, तिच्या अहवालाचेही पत्रक निघाले पाहिजे. निकाल काहीही असो.

यासाठी निधी लागत नाही. शासन निर्णय लागत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी आपले अधिकार कसे वापरावेत, याच्या मार्गदर्शक सूचना आयुक्तांना ३८ (१०) प्रमाणे देता येतात. आपण परिपत्रक काढले नाही, तर आम्ही ते आयुक्तांकडे मागू. त्याच पोटकलमात, एखाद्या अधिकाऱ्याचे अधिकार काही मुदतीसाठी काढून घेण्याचीही सोय आहे. ती मागणीही त्याच अर्जात असेल. नावानिशी.

घटस्थापना उलटली की पुढील गोष्टी होतील. यांतल्या बऱ्याचशा तयार आहेत.

भट्टीवरून निघणाऱ्या प्रत्येक करंडीला तीन प्रतींत चिठ्ठी लागेल. एक करंडीला, एक गाडीवाल्याकडे, एक भट्टीवर. गाडी सुटण्यापूर्वी करंड्यांचे वेळ दाखवणारे छायाचित्र आमच्या शहरातल्या माणसाच्या फोनवर गेलेले असेल. त्यानंतर 'अज्ञात' लिहिणाऱ्याला ते न्यायालयात समजावून सांगावे लागेल.

जिथे आमचा माल उतरतो, तिथे आमचा माणूस पहाटे हजर असेल. सोबत वकील असेल. तो हुज्जत घालणार नाही. पथकाच्या कामात अडथळा आणणार नाही, कारण अडथळ्याचे कलमही आम्ही वाचले आहे. तो फक्त चित्रीकरण करील आणि एक छापील अर्ज पुढे ठेवील. माल शीतगृहात ठेवावा, हमीपत्र घ्यावे, नमुन्याचा चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. शीतगृहवाल्यांशी बोलणे झाले आहे. जामीन राहणारे व्यापारी ठरले आहेत. आपण अर्ज घेतला तर पोच द्याल. नाही घेतला तर तेही चित्रीकरणात येईल.

आमचा कोणताही माणूस अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करणार नाही. गाडीवाल्यांनाही तेच सांगितले आहे. क्लीनर आता वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

नोटिशीशिवाय माल नष्ट झाला, तर ३९ व्या कलमाखाली तक्रार होईल. ती पदाच्या नावे नसेल, व्यक्तीच्या नावे असेल. नावे आमच्याकडे आहेत. गेल्या सणाच्या प्रकरणाची तक्रार लिहून तयार आहे. उच्च न्यायालयातल्या याचिकेचा मसुदा वकिलांकडे आहे. त्यात ती आडवी रेघ पहिल्याच पानावर जोडली आहे.

माहिती अधिकाराचे अर्ज दर सणानंतर पडतील. गणपती, दसरा, दिवाळी. जप्तीचे वजन, नष्ट केल्याचे वजन, नोटिशीची तारीख, नमुना पाठवल्याची तारीख, अहवालाची तारीख. जी माहिती मिळेल, ती आम्ही अधिकाऱ्यांच्या नावानुसार छापू आणि दूध संकलन केंद्रांवर, ग्रामपंचायतींच्या फलकांवर, हलवायांच्या दुकानांत लावू. आपल्याला प्रसिद्धी आवडते. ती मिळेल.

यानेही काही झाले नाही, तर दिवाळीला शहरात आमचा खवा येणार नाही.

याचा अर्थ आपण नीट समजून घ्या. दूध डेअरीला जाईल. भाव कमी मिळेल, ते आम्ही सोसू. सोसायचा सराव आपणच करून घेतला आहे. पण पेढा, बर्फी, गुलाबजाम शहरात होणारच. खवा कुठून तरी येणारच. कुठून येईल, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या करंड्यांवर चिठ्ठी नसेल. तिथे 'अज्ञात' लिहिणे खरे ठरेल.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो, हे शाळेतली मुले सांगतात. त्यावर आज बोलत नाही. फक्त एवढेच, की ज्याचा मालक खरोखर सापडत नाही तिथे आपला हात पोचत नाही, आणि ज्याचा मोबाइल क्रमांक करंडीला बांधलेला आहे तो आपल्याला अज्ञात वाटतो. हे आम्ही पाहतो आहोत. लोकही पाहतात.

आमच्या बाजूची शिस्त आम्ही लावली आहे. प्रत्येक भट्टीवर आयोडीनची बाटली आहे. खव्याचा तुकडा पाण्यात उकळायचा, गार करायचा, वर थेंब टाकायचा. निळे झाले तर त्या भट्टीचा माल गाडीवर चढत नाही. ही काही प्रयोगशाळा नव्हे, आणि तसा आमचा दावाही नाही. पण आमच्यातला कुणी भेसळ करताना सापडला, तर त्याचा वकील आम्ही देणार नाही. त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ. हे ठरावात लिहिले आहे आणि प्रत्येक भट्टीवाल्याची त्यावर सही आहे.

आपल्याकडून एवढीही अपेक्षा नाही. आपल्याकडून फक्त सहीची अपेक्षा आहे. नोटिशीवर.

या पत्राची प्रत राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिली आहे.

उत्तर लेखी द्यावे. जावक क्रमांकासह. फोनवर दिलेले आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही. भेटीला बोलावल्यास येऊ, पण भेटीचे इतिवृत्त त्याच दिवशी सहीनिशी मिळाले पाहिजे.

आम्ही, खवा उत्पादक, दूध घालणारे, वाहतूकदार आणि विक्रेते